अंतोनीच्या हातातलं पोर

नाशिकरोडला राहून जो माणूस आमच्या टीचरना ओळखत नसेल, त्याचं आयुष्यात कधी काही हरवलेलंच नसणार. बाकी सगळे कधी ना कधी त्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले होते. किल्ल्या, चष्मे, रेशनकार्डं, कानातली फुलं, एकदा तर पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदाराचा बेपत्ता कुत्रा. सगळ्यांची फिर्याद आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दाखल व्हायची. टीचर म्हणजे बालवाडीच्या टीचर. निवृत्त झाल्या तरी त्या टीचरच राहिल्या, आणि नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे त्यांचे नवरे सगळ्या सोसायटीचे अंकल झाले. त्यांना मूलबाळ नव्हतं. सोसायटीतली निम्मी पोरं त्यांच्याच घरात वाढली, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षातही राहत नसे.

घर कॅथलिक. बाहेरच्या खोलीत फळीवर संत अंतोनींचा हातभर उंचीचा प्लॅस्टरचा पुतळा होता. तपकिरी झगा, डोक्यावर गोल टक्कल आणि कडेवर बाळ येशू. हरवलेल्या वस्तूंचं खातं या संतांकडे असतं, हे मला टीचरनीच सांगितलं. इतर भाविक मेणबत्ती लावतात, प्रार्थना म्हणतात. टीचरही म्हणायच्या, पण त्यांची खरी भिस्त धाकावर होती. पुतळ्यातलं बाळ एका छोट्या खुंटीवर बसवलेलं होतं, ते सुटं व्हायचं. गाऱ्हाणं आलं की टीचर आधी पुतळ्यापुढे उभ्या राहून बालवाडीच्या आवाजात दरडावायच्या, "अंतोनी, इकडे बघ माझ्याकडे!" आणि मग त्याच्या कडेवरचं पोर उचलून लपवून ठेवायच्या. "स्वतःचं पोर दिसेनासं झालं की कुणीही धावतं. संत झाला म्हणून काय झालं?" वस्तू मिळेपर्यंत पोर परत द्यायचं नाही, हा नियम. लपवायची जागा दर वेळी नवी, कारण टीचरच्या मते अंतोनी हुशार होता आणि जुन्या जागा त्याला पाठ झाल्या होत्या.

आम्ही तिथे राहायला आलो ते नव्वदच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात आमच्या ह्यांनी स्कूटरची किल्ली हरवली. टीचर आल्या, त्यांनी चौकशी केली, आणि जाऊन ते पोर तांदळाच्या डब्यात टाकलं. माझ्या सासूबाई हे ऐकून हबकल्या. "अहो टीचरबाई, देवाच्या लेकराला असं डब्यात कोंडतात का?" टीचर शांतपणे म्हणाल्या, "आजी, तुम्ही देव पाण्यात ठेवता ना? मग मी तांदळात ठेवते. तेवढंच कोरडं." सासूबाईंना हसू आवरेना, आणि त्या दिवसापासून दोघींची घट्ट मैत्री झाली. किल्ली संध्याकाळी दुधाच्या पिशवीत सापडली. लगेच टीचरनी बाळाला डब्यातून काढून फुंकर मारली, पदरानं त्याचं नाक पुसलं, "सॉरी हं राजा" म्हणत त्याला बापाच्या कडेवर बसवलं आणि ह्यांना पावाची लादी आणायला पिटाळलं. वस्तू मिळाली की स्टेशनबाहेरच्या गरिबांना पाव वाटायचा, ही अंतोनीची दक्षिणा. आमचे हे इतके विसरभोळे, की दोन-तीन वर्षांत स्टेशनबाहेरची मंडळी त्यांना पाववाले साहेब म्हणायला लागली.

मी स्वतः या कशावर विश्वास ठेवत नसे. माझं म्हणणं, माणूस शांत झाला की वस्तू आपोआप सापडते, आणि टीचरकडे चहा पिऊन माणूस शांत होतो. हे मी त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. "मग चहा कोण पाजायला लावतं मला?" म्हणाल्या. असल्या बाईशी वाद कसा घालायचा?

सिंहस्थात तर टीचरच्या अंगात आलं होतं. पेपरात रोज हरवलेल्या माणसांचे फोटो, रामकुंडावरच्या भोंग्यांतून अखंड पुकारा. टीचर सकाळी पेपर वाचायच्या आणि बाळाला उचलायच्या. त्या दिवसांत ते पोर बापाच्या कडेवर क्वचितच टेकलं असेल. "एवढ्या म्हाताऱ्यांना घरची माणसं गर्दीत सोडून जातात गं," त्या सांगायच्या, "त्यांना आपलं गावसुद्धा सांगता येत नाही. कसं होत असेल त्यांचं?"

तेव्हा त्यांच्या चहात एखाद्या दिवशी मीठ पडायला लागलं होतं. त्या मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायच्या. आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. मग एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या. पायात एकच चप्पल, चेहरा पांढराफटक.

"माझं काहीतरी हरवलंय म्हणून मी त्याचं पोर काढलं," त्या म्हणाल्या. "आता काय हरवलं ते आठवत नाही. आणि पोर कुठे ठेवलं तेही आठवत नाही."

काय हरवलं होतं ते आम्हाला सगळ्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांना सांगायचं धैर्य कुणाकडेच नव्हतं.

मग सगळी सोसायटी त्या घरात शिरली. ज्याची ज्याची म्हणून वस्तू टीचरनी मिळवून दिली होती, तो तो शोधायला आला. माळे उतरवले, गाद्या उसवल्या, डाळी चाळल्या. माझी दोन वर्षांपूर्वीची पुरणाची चाळण सापडली, कुणाची छत्री सापडली, बाळ काही सापडेना. टीचर एका खुर्चीत बसून रडत होत्या. "उपाशी असेल गं ते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना अंतोनीच्या रिकाम्या हाताकडे बघवेना, म्हणून अंकलनी पुतळ्याचं तोंड भिंतीकडे केलं. मी म्हटलं, दुसऱ्या एखाद्या संताला सांगू या. टीचर रडता रडता म्हणाल्या, "त्यांचं आपसात बोलणं असतं. सगळ्यांना कळलंय." घरी आल्यावर बघते तर सासूबाईंनी आपला बाळकृष्ण पाण्यात ठेवलेला. मला म्हणाल्या, "त्यांचं लेकरू सापडेपर्यंत आमचंही राहू दे बुडलेलं." सासूबाईंना मी बरंच काही बोलत आलेय, पण त्या दिवशी मी त्यांना वाकून नमस्कार केला.

त्यानंतर टीचर भराभर विझत गेल्या. पोरांची नावं गेली, रस्ता गेला, प्रार्थनेचे शब्द गेले. शेवटी त्या अंकलनाच "तुम्ही कोण?" विचारायला लागल्या. अंकल दर वेळी आपलं नाव सांगायचे आणि त्यांची वेणी घालायला बसायचे. बाळाचं मात्र त्या विसरल्या नाहीत. कुणीही आलं की विचारायच्या, "सापडलं का?"

पुढे त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. त्यांना पेज न्यायची म्हणून अंकलनी प्रेसमधला आपला जुना टिफिन काढला. निवृत्तीनंतर तो वापरात नव्हता, त्यामुळे शोधताना तो उघडून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. वरच्या पुडात, टीचरच्या रुमालात गुंडाळलेलं ते बाळ होतं. पेज तशीच टाकून अंकल जिने उतरत सुटले. त्या वयातल्या माणसाला तसं पळताना मी पाहिलेलं नाही. मीही मागोमाग गेले.

दवाखान्यात अंकलनी ते बाळ टीचरच्या तळहातावर ठेवलं. टीचरनी बोटं मिटली. "मिळालं बघ," अंकल म्हणाले. त्यांनी अंकलकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. झोपलंय."

मग त्यांनी ती मूठ उघडलीच नाही. नर्सनं सलाईन दुसऱ्या हाताला लावलं. त्या गेल्या तेव्हाही मूठ तशीच होती. दफनाच्या वेळी कुणीतरी हळूच म्हणालं, पुतळ्याचं पोर आहे, काढून घ्यायला हवं. फादरनी अंकलकडे पाहिलं. अंकल म्हणाले, "राहू द्या." सासूबाईंनी त्या संध्याकाळी बाळकृष्ण पाण्यातून काढला, कोरडा केला, आणि देव्हाऱ्यात परत बसवला.

नंतर एका मंगळवारी मी अंकलकडे डबा घेऊन गेले. अंतोनीचं तोंड पुन्हा खोलीकडे वळवलेलं होतं. टक्कल लख्ख पुसलेलं, हात रिकामा, खुंटी उघडी. मला ते बघवेना. म्हटलं, "अंकल, गणपती करणाऱ्या एखाद्या मूर्तिकाराला सांगू या का? दुसरं बाळ करून देईल."

अंकलनी मान हलवली. "तुला तिचा नियम माहीत आहे ना? वस्तू मिळेपर्यंत पोर परत द्यायचं नाही."

माझे डोळे भरून आले. त्यांनी फडक्यानं फळी पुसली, पुतळा उचलला आणि दाराकडे तोंड करून ठेवला. दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

"शोधू दे त्याला," ते म्हणाले.