समुद्रपक्ष्यांचे सर आणि घरट्यातली पाळी

सर अठ्ठावन्नाव्या वर्षी बाप झाले आणि तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागेनात. होतात माणसं उशिरा बाप, त्यात काय एवढं? पण सर पडले संशोधक. प्राण्यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या टोकांना टोपणं असतात, टेलोमिअर म्हणतात त्यांना. वय वाढेल, हाल होतील, तशी ती झिजतात. काही रानपक्ष्यांत बाप वयस्कर असला की पिल्लांची टोपणं लांब निघतात, काहींत आखूड. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सर यातला पहिला भाग ऐकवत. दुसरा सोयीने विसरत.

"माझं काम मी केलंय," लेकीला मांडीवर न घेताच ते म्हणत. "रक्तातच दिलंय तिला."

वन्सं, म्हणजे सरांच्या थोरल्या बहीणबाई, यावर मान डोलवत. बायको दुपटी बदलत असे.

ही बायको एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी. लग्नानंतरही तिच्या तोंडातून 'सर' काही जाईना, तिथेच तिचं चुकलं. तिचं स्वतःचं काम होतं वटवाघळांवर. बंद पडलेल्या एका बोगद्यात दरवर्षी तीच वटवाघळं पकडायची, पंखाच्या कातडीचा तीळभर तुकडा घ्यायचा आणि वर्षभरात टोपणं किती झिजली ते बघायचं. एक हंगाम चुकला की साखळी तुटली, मागच्या सगळ्या वर्षांवर पाणी. म्हणून ठरलं होतं, आधी सरांनी त्यांच्या समुद्रपक्ष्यांच्या बेटावर जायचं, ते परतले की तिने बोगद्यात. सर 'हो हो' म्हणाले होते, नव्या बुटांच्या नाड्या ओवता ओवता.

लेक तीन महिन्यांची असताना ते बेटावर गेले. "अगं, पक्षी माझ्यासाठी थांबणार आहेत का?" हिची वटवाघळं मात्र थांबणार, उलटी टांगून.

मग फोनवरून उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. रडू दे तिला, उचलायची सवय लावू नकोस. एवढं झालं की पक्ष्यांचं पुराण. "नरमादी आळीपाळीने अंड्यावर बसतात. समुद्रावरचा परतला की घरट्यातला त्याच दिवशी उडतो. काय निष्ठा म्हणावी." सर हे दोनदोनदा ऐकवायचे. इकडे ही फोन मानेत धरून तापलेल्या पोरीला घेऊन येरझाऱ्या घालत असायची.

एकदा ते फारच खुशीत होते. मागच्या हंगामातल्या पिल्लांच्या रक्ताचे निकाल हाती आले होते. "आईबापांकडून थोडंफार येतं, पण खरा फरक घरट्यात पडतो. ज्याचा बाप वेळेवर परतला नाही, त्या पिल्लाची टोपणं झिजलेली."

"म्हणजे रक्तातलं पुरत नाही?"

"छे, मुळीच नाही."

धन्य तो माणूस. स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानावर कधी पडू दिलं नाही त्याने.

परतायची वेळ आली तसा पुन्हा फोन. मुक्काम महिनाभर वाढतोय. "तुझं पुढच्या वर्षी बघू. दीर्घायुषी असतात गं वटवाघळं, कुठे जाताहेत?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही. "एक विचारायचं होतं, सर. समुद्रावरचा आलाच नाही, तर घरट्यातला काय करतो?"

"बसतो बिचारा. अगदी जिवावर बेतलं की मग..." सर थबकले. "मग उठून जातो."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मिळेल त्या बोटीने सर घरी हजर. ही दारातच उभी, पायांत बूट, पाठीवर पिशवी. तिने लेक त्यांच्या हातात दिली. पोरीने ती अनोळखी दाढी पाहून भोकाड पसरलं. सरांची पाचावर धारण बसली.

"अगं, ही निजते कशी? खाते काय? वन्संना तरी बोलाव."

वन्संना विचारून झालं होतं. बापाच्या रक्ताचं कौतुक करणाऱ्या वन्संची कंबर नेमकी त्याच आठवड्यात धरली होती.

"रक्तातच दिलंय ना तुम्ही," ती म्हणाली, "मग बघा काढून."

जिन्याच्या पहिल्या वळणावर तिचे पाय अडखळले. लेकीचा तो सूर तिला पाठ होता. बापाने दोन दिवस लेकीला घ्यायची सवय केली असती तर आज पोर अशी रडली नसती, या विचाराने तिला इतका संताप आला की त्या जोरावरच ती उरलेला जिना उतरली. वरून लेकीचं रडणं येत होतं, आणि त्याहून मोठ्याने सरांचं, "अगं, अगं, ऐक तरी."