तिकडं बीजेची कोर लवकर बुडते

पुणतांब्याला सासरी आले तेव्हा सातवीतून शाळा सुटून वर्ष झालं होतं. माहेर तापीकाठी, मनमाडला गाडी बदलून जायचं. घरात वाचता येणारी बाई मी एकटीच, म्हणून थोरल्या जाऊबाईंच्या भावाची पत्रं माझ्या हातात यायची. तो अंदमानात जंगल खात्यात होता, हत्तींकडून लाकडं ओढवून घ्यायच्या कामावर. भाऊ मलाही होता. त्यानं लग्नानंतर दोन ओळी धाडल्या नव्हत्या.

दुपारी ओट्यावर शेंगा फोडत जाऊबाई आणि सासूबाई दोघी ऐकायच्या. बेट म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे शेंडे, असं तो लिहायचा. दक्षिणेच्या बेटांवर नारळाच्या झाडावर चढणारा खेकडा आहे, नांगीनं नारळ फोडतो. एक पक्षी अंड्यांवर बसतच नाही, पाल्याचा ढीग करून त्यात पुरतो, ऊब ढीगच देतो.

"बरं हाय," सासूबाई म्हणाल्या, "पोरं पाल्यात टाकायची, आन् आपण मोकळं."

तिथली मूळची माणसं किती हजार वर्षांमागं आली ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. त्यांच्या जुन्या मुक्कामांवर शिंपल्यांचे पुरुषभर उंच ढीग आहेत, पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या टरफलांचे.

"उष्टं काढाया सून न्हवती वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाई हसायच्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावायच्या. तेच मला सोसायचं नाही. शाळेत भूगोल माझा आवडीचा. त्या बेटांचे ठिपके नकाशावर मी बोटानं शोधलेले, आणि आता ते ठिपके जाऊबाईंचे, ज्यांनी नकाशा पाहिलाच नव्हता. त्या कोरड्या साली आमच्या गोदावरीत नुसती वाळू होती. तिकडं आठ महिने पाऊस. पाऊससुद्धा हिच्याच भावाला, असं मनात यायचं.

दिवाळीआधी पत्र आलं. रजा नव्हती, येणं जमणार नव्हतं. भाऊ दूर असला की बहीण भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तशी ओवाळ, मी किनाऱ्यावर उभा राहून त्याच चंद्राकडं बघेन, असं लिहिलं होतं. खाली शेवटची ओळ: 'घड्याळ आपलंच आहे, पण इथं सूर्यचंद्र तासभर आधी बुडतात. तुमच्याकडं दिवस मावळला की लगेच ओवाळ, उशीर करू नको.'

ती ओळ मी वाचली नाही. पत्राची घडी घातली.

बीजेला जाऊबाई पोळ्या उरकून, धुतलेलं लुगडं नेसून, निवांत अंगणात आल्या. सात वाजले असतील. पश्चिमेला कोर होती. त्यांनी मन लावून ओवाळलं. तिकडं ती कोर केव्हाच पाण्याखाली गेलेली, हे त्या अंगणात मला एकटीला ठाऊक होतं. आत कुठंतरी बरं वाटलं, हेही खरं.

पुढच्या पत्रात त्यानं लिहिलं, 'कोर बुडेपर्यंत उभा होतो, वाटलं तू ओवाळतेस.' ते मी वाचलं. जाऊबाई म्हणाल्या, "बघ, पोचलं."

उन्हाळ्यात माझं पहिलं बाळंतपण आलं. माहेराहून न्यायला कुणी आलं नाही. जाऊबाईंनीच सगळं केलं. शेक, तेल, डिंकाचे लाडू, रडणारं पोर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या. त्यांनी पाठ चोळली की ती ओळ मला टोचायची. यांना कळलं तर मला इथं कोण, ही धास्ती वेगळीच.

पुढच्या बीजेला दिवस कलला तशी मी चुलीपाशी जाऊबाईंकडं गेले. "अक्का, उठा. आत्ताच ओवाळा."

"पोळी तव्यावर हाय. चंद्र कुठं पळतोय?"

"तिकडं पळतो. तासभर आधी बुडतो."

"तुला कुनी सांगितलं?"

"गेल्या साली पत्रात होतं. मी वाचलं न्हाई."

त्यांचं उलथणं हातातच राहिलं. पोळी करपायला लागली. "का गं?"

"तुमाला पत्रं येत्यात म्हनून."

त्यांनी तवा खाली उतरवला. "वरीसभर पोटात ठिवलंस," एवढंच म्हणाल्या. ताट घेऊन अंगणात गेल्या. आभाळ अजून तांबडंच होतं, कोर त्यांना सापडेना. डोळे लहानपणापासून अधू.

"आता बोट तर दाव," त्या म्हणाल्या, "का ते बी पुढल्या साली?"

मी त्यांच्यामागं उभी राहिले आणि त्यांच्या खांद्यावरून बोट दाखवलं.