शेळीच्या पोटातून आलेलं बी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेळ्यांच्या गोठ्यात उकिडवं बसून बाभळीचं बी वेचणं. ती लेंड्या फोडायची, मी सुपात पाखडायचो. यात सांगण्यासारखं काही नाही. तरी सांगतो.

बाभळीच्या बीचं कवच लय टणक. शेंग फोडून बी तसंच मातीत घातलं तर वर्षवर्ष पडून राहतं. शेळी शेंग सबंध खाते, सावलीला बसून रवंथ करते आणि बी तोंडातून टाकून देते. काही लेंडीतून पडतं. पोटातल्या आंबटानं कवच नरम झालेलं असतं. असं बी पाण्यात घातलं की फुगतं अन् उगवतं. हे मला माझ्या बायकोनं सांगितलं होतं. मी चौथी शिकलेलो, ती शाळेत गेलीच नव्हती, म्हणून मी ऐकलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बांधावरच्या सगळ्या बाभळी मी तोडल्या. आधी डहाळ्या शेळ्यांना, मग खोडं जळणाला. "फांद्या घ्या, खोड ऱ्हाऊ द्या, त्याला फुटवा येतो," असं ती म्हणत होती. मी बुडातून तोडल्या. पुढच्या साली ओढ्याकाठच्या झाडाखालून शेंगा निवडून आणल्या, बी धुऊन पेरलं. लेंडीतलं घाण बी मला नको होतं. अख्ख्या बांधावर दोन रोपं आली.

"शेळीला कळतं ते तुमाला कळंना," ती म्हणाली.

"मग शेळीसंगंच नांदायचं होतंस."

"तेच तर करायलेय वीस वर्षं."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी मुकाट्यानं गोठ्यात तिच्यासमोर सूप घेऊन बसलो. त्या दिवशी वेचता वेचता ती मधेच पोट धरून थांबायची. उजव्या अंगाला चार दिवस दुखत होतं.

"अवो, सेलूला जाऊन दवाखान्यात दाखवावं का?"

मी सुपातून मान वर केली नाही. म्हणालो, "वळवानं बांध ओला हाय. तेवढं बी लावून झालं की जाऊ."

"बरं," म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. दिवस मावळताना तिनं बी गाडग्यात भिजत घातलं, वर फडकं बांधलं.

लोक म्हणतात, तिची वेळ आली होती. वेळबिळ काही नाही. मी नेलं नाही.

पहाटे ती गडाबडा लोळायला लागली. बैलगाडीत घालून देवगाव फाट्याकडं निघालो, तिथून सेलूला मोटार मिळायची. फाटा दिसायच्या आधीच ती गेली. गाडी तिथूनच माघारी वळवली. दुपारपर्यंत जाळून झालं.

आज त्या बांधावर बाभळी उभ्या आहेत. पिवळी फुलं येतात, शेंगा धरतात, त्या शेळ्या खातात, अन् कुणी न लावता कुठंकुठं नवी रोपं निघतात. आला-गेला म्हणतो, बाबा, काय सावली केलीत. मी त्या सावलीला बसत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर भावकी बसलेली होती. माझं लक्ष गाडग्याकडं गेलं. फडकं सोडून बघितलं. बी टम्म फुगलं होतं, आंबूस वास सुटला होता. अजून एक दिवस ठेवलं असतं तर कुजलं असतं. गाडगं उचललं, पहार खांद्यावर घेतली. थोरला भाऊ आडवा आला.

"सुतक हाय. दहा दिवस मातीला हात लावायचा न्हाई."

"बी थांबत न्हाई."

"लोक काय म्हणतील? काल बायको जाळली अन् आज पेरायलाय."

"म्हणू दे. खरंच हाय ते."

बांधावर पहारीनं भोक पाडायचं, तीन बिया टाकायच्या, टाचेनं माती दाबायची. तिनं वेचलेली एकही बी टाकून दिली नाही. ऊन चढायच्या आत बांधाचं काम उरकलं. सेलूला जायला आता मी मोकळा होतो.

घरी आलो अन् शेळ्या सोडल्या.