माळ मी काढली तो दिवस

आमच्या घरात तीन पिढ्या काविळीची माळ घालतात. कोल्हारच्या भगवतीचं नाव घेऊन औषधी झाडाच्या मुळ्यांच्या तुकड्यांची माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. ती सैल होत छातीवर उतरली की कावीळ उतरली, असा समज. सासूबाईंनंतर दर रविवारी मी बसू लागले. दक्षिणा घेत नसे, पण मान मिळायचा आणि तो मला फार आवडायचा. खोटं कशाला बोलू?

नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात आमचे मालकच पिवळे झाले. अंगाला खाज, अन्नावर वासना नाही, सदरा अंगावर लोंबायला लागला. पहिली माळ उतरली, दुसरी उतरली, डोळे पिवळे ते पिवळेच. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, नगरला दाखवू." माझा पारा चढला. "गावाची कावीळ मी उतरवते आन् घरचा मानूस दवाखान्यात? देवीला काय तोंड दाखवू?" मी तिसरी घातली. मनातून मात्र पार भ्याले होते.

दुसऱ्याच दिवशी आमच्या दारासमोर मनमाडची एस.टी. पंक्चर झाली. एक वयस्क बाई पाणी मागायला ओट्यावर आली. यांना खाजवताना पाहून थबकली. म्हणाली, जन्मभर नर्स होते. मग यांना विचारलं, "संडास पांढरट होते का? पाठ दुखते?"

"व्हय, लई दुखती," हे म्हणाले. मला कधी बोलले नव्हते.

"ताई, ही वेगळी कावीळ असू शकते. आजच न्या."

"देवीची माळ हाय गळ्यात!"

"मग गाडीही देवीनंच थांबवली असेल."

यांनी मान पुढे केली. "तूच घातली, तूच काढ." मी काढली.

नगरला डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ आहे. तिनं पित्ताची नळी दाबलीय, म्हणून कावीळ. बहुतेक जण फार उशिरा येतात. ही गाठ अजून पसरलेली नाही, काढता येईल. पुण्याला मोठं ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून मी नवस बोलले नाही. एवढंच म्हणाले, "आई, माझा हट्ट संपला. आता तुझं तू बघ."

पुढं रोग उलटलाच. पण मधे चार वर्षं मिळाली. लेकीच्या लग्नात हे स्वतः पंगतीत वाढत फिरले. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

मी अजून रविवारी बसते. माळ हातात घेण्याआधी खाज, पाठ, वजन, संडासचा रंग, सगळं विचारते आणि आधी दवाखान्यात पाठवते. लोक चिडतात, "तुमचाच देवीवर इस्वास न्हाई व्हय?"

"लई हाय," मी म्हणते. "उठा, नगरची गाडी येईल आता."