झिक्रीतच्या टेकडीवर बाबासोबत अश्मयुग शोधताना

कॉलेजच्या फॉर्मवर सिव्हिल लिहायचं की आर्किऑलॉजी, हे रविवारपर्यंत ठरवायचं होतं. बाबाला सिव्हिल हवं, मला आर्किऑलॉजी; घरात रोज तोच वाद. शेवटी मी बाबाला म्हटलं, एक शुक्रवार मला दे, दोह्याबाहेरचं झिक्रीत गाव दाखवते, मग काय ते बोल. बाबा इथे दोह्यात रस्त्यांच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. वर्ल्ड कपच्या घाईत त्याला तेवढीच एक सुट्टी मिळते, तरी तो तयार झाला.

बिन महमूद या आमच्या भागातून सकाळी सहाला निघालो. तुम्हीही लवकरच निघा, अर्ध्या दोह्यात डायव्हर्जन्स आहेत. नंतर दुखान हायवे एकदम मस्त. वाटेत करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणि पराठे, दोघांचे मिळून बारा रियाल. झिक्रीत गावापुढे कच्चा रस्ता आहे, फोर बाय फोर हवीच. पाणी भरपूर घ्या.

समोर पांढऱ्या टेकड्या, पलीकडे उथळ समुद्र. या बाजूला अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. तेव्हा इथे पाऊस जास्त पडायचा, गवत होतं. लोक शिकार करायचे, मासे-शिंपले खायचे, पाणी आटलं की पुढे जायचे. हे सगळं मी गाडीतच सांगून टाकलं होतं.

"काम संपलं की पुढची साइट," बाबा म्हणाला. "म्हणजे आमच्यासारखेच."

अर्ध्या तासात मला एक हत्यार सापडलं. गारगोटीचं, धारदार, मुठीत बरोब्बर बसणारं. मी जवळजवळ नाचलेच. बाबाने ते उलटंपालटं करून बघितलं.

"हे जेसीबीने केलंय, मॅडम."

"बाबा, प्लीज."

"कड बघ, ताजी आहे. बाकीचे दगड उन्हाने कसे काळपट पडलेत. मी रोज खडी बघतो गं."

मागे खरंच रुंद टायरच्या खुणा होत्या. आता हा सिव्हिलचा विषय काढणार. पण तो मान खाली घालून टेकडीच्या कडेने चालायला लागला. एका खोबणीशी थांबला आणि सरळ खाली बसला.

"इकडे ये. मी असतो तर इथेच बसलो असतो. वारा अडतो, समुद्र दिसतो."

त्याच्या पायाशी नखाएवढ्या ढलप्या पडल्या होत्या. कितीतरी, सगळ्या काळपट, एकाच जागी.

"कोणीतरी इथे बसून दगड घडवलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "हा त्याचा कचरा. कुठे मारायचं, हे त्याला माहीत होतं."

"किंवा तिला."

"किंवा तिला."

फोटो काढले, एकही ढलपी हलवली नाही. तुम्हीही उचलू नका, जागेवरून हलली की तिच्यावरून काही कळत नाही. म्युझियमला मेल केलाय, अजून उत्तर नाही. आमचा अंदाज चुकलेलाही असू शकतो.

परतताना बाबाने विचारलं, "आर्किऑलॉजीत सर्व्हे शिकवतात?"

"हो."

"पगार?"

"कमी."



शनिवारी फॉर्म भरताना तो शेजारी बसला होता. आर्किऑलॉजीवर टिक करायच्या आधी म्हणाला, "नक्की?"

गेल्या आठवड्यात मी पटकन हो म्हटलं असतं. आता वेळ लागला. एवढं वाचूनही त्या माणसाची बसायची जागा मला दिसली नव्हती, बाबाला दिसली.

"नक्की," मी म्हटलं. "मला अजून तसं बघता येत नाही, म्हणूनच शिकायचंय."