जबड्यातलं कलम

काल बीडला दाताच्या दवाखान्यात एक नवल पाहिलं... अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या हरण्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत होतो. त्याने माशी हाकलायला मान झटकली आणि शिंग माझ्या तोंडावर बसलं. वरचे समोरचे दोन दात गेले. त्याची काही चूक नव्हती... दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी भरवली, मी मात्र पातळ आमटीवर राहिलो.

दिसण्याचं दुःख नव्हतं. आमच्या पाली गावच्या मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी मी वाचतो. आधी वडील वाचायचे. समोर दात नसले की हवा निसटते... देवाचं नावसुद्धा धड निघत नव्हतं.

मग काढता-घालता येणारे दात करून घेतले. गेल्या श्रावणात भर वाचनात ते निसटले आणि थेट पोथीवर पडले. तेवढ्यात आमचे नामदेव आबा म्हणाले, "वाचा तुमी, महाराज. दात बी पोथी ऐकायला खाली उतरलेत."

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन पोथी कपड्यात बांधून ठेवली. पक्के दात बसले तर वाचायची, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची, असं ठरवलं.

बीडच्या डॉक्टर शबाना मॅडमनी एक्स-रे पाहिला. "काका, पक्का दात ज्यावर बसतो तो स्क्रू रोवायला हाडच उरलं नाही. दात गेला की त्याच्या भोवतीचं हाड हळूहळू विरून जातं. आधी हाड भरावं लागेल." मला हे माहीतच नव्हतं... काम संपलं की हाडही निघून जातं!

मग एक्स-रे बाजूला ठेवून म्हणाल्या, "भरायला पावडर मिळते, चांगली असते. पण माझ्याकडची पावडर गाई-बैलाच्या हाडापासून केलेली आहे. तुमच्या गळ्यात माळ दिसली, म्हणून आधी विचारते."

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "बैलानं पाडलेत, बैलाकडूनच भरून घ्या की. फिटंफाट!"

हसू आलं. पण संध्याकाळी हरण्याला कडबा टाकताना हात थांबला. ज्याच्या पाया पडतो, त्याचं हाड तोंडात घेऊन पोथी वाचायची... दुसऱ्याला चालत असेल, त्याला माझं काही म्हणणं नाही. माझ्या मनाला पटेना.

मॅडमनी दुसरी वाट सांगितली. माझ्याच जबड्यातून, अक्कलदाढेच्या मागून, हाडाचा तुकडा काढून पुढे बसवायचा. "दोन ठिकाणी कापावं लागेल, सूज जास्त येईल. आणि धरेलच, असं छातीठोक नाही सांगत. तंबाखू खाता?"

"माळ घातली तेव्हाच सोडली."

"मग निम्मं काम झालं."

तुकडा बसवला, बारीक स्क्रूने आवळला, वरून हिरडी शिवली. "हे हलता कामा नये. समोरच्या बाजूने काही चावायचं नाही. ओठ उचलून आरशात बघत बसायचं नाही," मॅडम बजावत होत्या.

मी सुजल्या तोंडाने म्हणालो, "म्हणजे आंब्याचं कलमच की..."

त्या हसल्या. "तेच! अब्बांचा फळांचा गाडा आहे, त्यांनाही माझं काम मी असंच समजावते."

पण आंब्याचं कलम धरलं की नाही, ते साल नखाने थोडी खरवडली तर कळतं. आत हिरवं दिसलं की जीव आहे. इथे बघणार कसं? पाच-सहा महिने जीभ तिकडे जायची आणि मी ती मागे ओढायचो. देवाकडे काही मागायची मला सवय नाही... यावेळी मागितलं.

काल मॅडमनी हिरडी उघडली, जुना स्क्रू काढला. मग मशीन थोडं फिरलं आणि थांबलं. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला.

"बघा काका."

पांढऱ्या हाडात बारीकसं भोक होतं... आणि त्यातून लालभडक रक्ताचा थेंब वर येत होता.

"मेलेल्या हाडातून रक्त येत नाही. धरलंय तुमचं कलम."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना वाटलं दुखतंय. तोंड उघडं, बोलता येईना, नुसती मान हलवली. मागचा एक तुकडा पुढे नेऊन ठेवला आणि त्याने तिथे मुळं धरली... मॅडमनी ठेवलं, आवळलं, जपलं. पण त्याच्यात रक्त कुणी खेळवलं?

आणि त्यांनी न विचारता ती पावडर भरली असती, तर मला जन्मात कळलं नसतं. तरी विचारलं. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांचा ऋणी आहे.

नवे स्क्रू बसलेत. सगळं नीट झालं तर श्रावणाच्या आत दात चढतील. आज सकाळी पोथी कपड्यातून सोडवली, अंगणात ऊन दाखवलं आणि ओठ मिटूनच पहिलं पान वाचलं.

आबा, यंदा अगदी पुढे येऊन बसा... हे दात खाली उतरायचे नाहीत.