लहान-मोठे टायर

आसेगावच्या फाट्यावर टायरचं दुकान असलेले चाचा गाडी आली की आधी डोळे मिटून तिचा आवाज ऐकतात. माझ्या जीपच्या मागच्या एक्सलमधून घरघर येत होती. गॅरेजवाला एक्सल खोलायला निघाला होता. त्याआधी मी चाचांकडे हवा भरायला थांबलो.

त्यांनी चाकांवरून हात फिरवला. "एक्सल कायले खोलता, मास्तर? मागचे दोन टायर लहान-मोठे हायेत, म्हणून आतले गिअर वरडून राह्यले." मग चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "हा टायर मीच बसवला होता. माही चूक हाय."

त्यांनी जोडीचा टायर बसवला आणि घरघर थांबली.

दुसऱ्या दिवशी वर्गात माझं गणित चुकलं. एरवी मी गुपचूप फळा पुसतो. त्या दिवशी पोरांना म्हणालो, "चुकलो रे मी."